एवढ्या लहान पोराला शुगर? नातेवाईकांना टाइप वन समजवायचा कसा

मुलाला नुकताच टाइप वन डायबेटिस निघाला असेल तर इंजेक्शन द्यायला तुम्ही पटकन शिकाल, खरा घाम फुटतो तो लोकांना समजावताना. "फार चॉकलेटं दिलीत का?", "आमच्या ह्यांनी चालायला सुरुवात केली आणि गोळी बंद झाली, तुम्हीपण बघा करून." माणसं वाईट नसतात हो, त्यांनी आयुष्यभर एकच डायबेटिस बघितलेला असतो, पन्नाशीतला, गोळीवाला. शंभरातल्या नव्वदेक जणांना तोच, म्हणजे टाइप टू असतो.

आधी आजी-आजोबांना पकडा, कारण तुम्ही ऑफिसला गेल्यावर पोरगं त्यांच्याच ताब्यात असतं. ऑटोइम्यून वगैरे शब्द लगेच काढू नका, टाकीचं सांगा. टाइप टूमध्ये टाकीत पाणी असतं पण पाइपात गाळ बसलाय म्हणून नळाला धार येत नाही, मग गाळ काढला, पंप लावला की बरंच काम भागतं. टाइप वनमध्ये टाकीच रिकामी, रोज टँकर मागवायचा, आणि तो टँकर म्हणजे इन्सुलिन. हे डोक्यात बसलं की मग सांगा की टाकी रिकामी कशी झाली, तर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या, गोड खाल्ल्याने नाही आणि आईने गरोदरपणी काय खाल्लं त्याने तर नाहीच नाही. हे शेवटचं सासूबाईंसमोर नवऱ्याने बोलायचं, बायकोला बोलायला लावू नका प्लीज.

मग येतात कारल्याचा रसवाले काका. मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पावडर, सगळं प्रेमाने येतं, वाद घालू नका, एकच सांगा की इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, धाप आणि थेट आयसीयू. टोरांटोमध्ये १९२१ साली इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, दुसरा इलाजच नव्हता. "इन्सुलिनची सवय लागते" याला उत्तर एवढंच की सवय नाही, गरज आहे.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असू दे. निदानानंतर काही मुलांची इन्सुलिनची गरज काही महिने एकदम कमी होते, डॉक्टर त्याला हनिमून पीरियड म्हणतात, उरल्यासुरल्या पेशी थोडं काम करतात म्हणून, आणि नेमका त्याच काळात कोणाचा तरी काढा चालू असेल तर सगळं श्रेय काढ्याला जातं. डोस कमी करायचा तो फक्त डॉक्टरांनी.

"मामा इन्सुलिनवर गेले म्हणजे आता त्यांना टाइप वन झाला" हेही ऐकाल. नाही. टाइप टूवाल्यांनाही पुढे इन्सुलिन लागू शकतं, प्रकार आजाराच्या कारणावरून ठरतो, औषधावरून नाही. वयावरूनही नाही, वसीम अक्रमला तिशीत टाइप वन निघाला आणि तो त्यानंतरही वर्षानुवर्षं बॉलिंग करत होता. म्हणून घरात कोणी बारीक, तरुण माणूस गोळ्या घेऊनही शुगर चढतेय म्हणून हैराण असेल तर तो टाइप वन तर नाही ना हे बघायला डॉक्टरांना जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीचा हल्ला दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) या रक्ताच्या टेस्टबद्दल विचारा. आणि हे सगळं सांगताना "आमचा तो खाऊन-पिऊन झालेला नाही" असं म्हणू नका. टाइप टूतही अनुवंशिकता असते, आपल्याकडे सडपातळ माणसांनाही होतो, त्या मामांना कशाला टोचायचं.

गोडाचं मात्र नीट बसून समजवा, इथेच सगळे घोळ होतात. पुरणपोळी चालते, तिच्यातले कार्ब्स (म्हणजे पीठ-साखरेतली कर्बोदकं) मोजून तेवढं इन्सुलिन घ्यायचं. गूळ आणि मध "नैसर्गिक" म्हणून फुकट नाहीत, त्यांनाही इन्सुलिन लागतंच. याउलट शुगर ७० च्या खाली गेली, मूल थरथरतंय, घामाघूम, चिडचिड करतंय, तेव्हा साखर हेच औषध, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी हात धरतं की अरे डायबेटिस आहे ना याला! साधारण १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्यायची (लहानग्यांना कमी, आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या), १५ मिनिटांनी परत चेक. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, घरी ग्लुकागॉन (साखर पटकन चढवणारं औषध) असेल तर ते द्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

हाच मजकूर एका कागदावर मराठीत लिहून क्लासटीचर, पीटीचे सर आणि व्हॅनवाले दादा यांना द्या, फोटो आणि तुमचा नंबर टाकून. वर्गात डबा खायला, टॉयलेटला जायला अडवू नका हे त्यात स्पष्ट लिहा. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ, पाणी न्यायला परवानगी दिलीय, पण बोर्ड कुठलंही असो, डॉक्टरांचं पत्र जोडून शाळेकडून आधीच लेखी घेऊन ठेवा, परीक्षेच्या दिवशी गेटवर कोणी ऐकत नाही.