होम लोनचा हप्ता जातोय पण मुद्दल कमीच होत नाही? माझा अनुभव

नवीन फ्लॅटमध्ये राहायला येऊन ७ महिने झाले, दर महिन्याला २८,३३३ कापले जायचे आणि बाकी ४० लाखच! आधी वाटलं ॲपमध्ये चूक आहे, मग कस्टमर केअरला ४ फोन केले, प्रत्येक जण म्हणे "सिस्टिममध्ये बरोबर आहे". खूप वैताग आला.

शेवटी लोन स्टेटमेंट काढलं तर मुद्दलाच्या रकान्यात सगळीकडे शून्य. म्हणजे ईएमआय सुरूच नव्हता, नुसतं व्याज (प्री-ईएमआय) जात होतं, कारण मंजूर ४२ लाखांपैकी २ लाख उचललेच नव्हते (बिल्डरला ते मी स्वतः भरले होते), म्हणून बँकेच्या लेखी कर्ज अजून पूर्ण दिलं गेलंच नव्हतं.

मग असं केलं: आधी बिल्डरकडून "काही येणं बाकी नाही" असं पत्र घेतलं, त्यासोबत शाखेत लेखी अर्ज दिला की उरलेले २ लाख रद्द करा आणि ४० लाखांवर पूर्ण ईएमआय चालू करा, पोच घेतली (ही विसरू नका). नवीन परतफेडीचं वेळापत्रक मागितलं, ८.५ टक्के, २० वर्षं, ३४,७१३ हप्ता. मग नॅच मँडेटची (खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी) मर्यादा तेवढी आहे ना ते तपासलं, नाहीतर हप्ता बाउन्स होतो. पुढच्या महिन्यात मुद्दल ६,३८० नी कमी झालं.