गोव्यात राहून क्वार्टेट उभे करायचे असेल तर

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून सोल्फा (स्वर नावांनी गाऊन वाचण्याची पाश्चात्त्य पद्धत) आणि व्हायोलिन शिकवण्याची पद्धत गोव्यात रुजली. त्या शिक्षणावर वाढलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाची बाजू सांभाळली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि संगीत-संयोजक सेबास्टियन डिसोझा ही त्यातली सर्वपरिचित नावे. वादक घडवणे गोव्याला कधी जड गेले नाही, परंतु घडलेल्या वादकाला पोटासाठी गाव सोडावे लागले आणि मोठ्या वृंदातील एका खुर्चीवर समाधान मानावे लागले. तरुण वादकांनी मिळून, स्वतःच्या नावाने आणि स्वतः निवडलेले संगीत वाजवून गोव्यातच उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. ते शक्यही आहे. मात्र त्यासाठी कार्यक्रम मिळवण्याच्या आधी तालीम आणि व्यवहार या दोन्ही गोष्टींची घडी बसवावी लागते; नुसत्या हुशारीवर क्वार्टेट, म्हणजे चार वादकांचा मेळ, टिकत नाही.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडी मोठी व खालच्या सुरांची एक व्हायोला आणि खर्जाचा एक चेलो. आपल्याकडे व्हायोलिनवादक सहज भेटतात, व्हायोला आणि चेलो वाजवणारे शोधावे लागतात. व्हायोलाची अडचण सोडवता येते: व्हायोलिनवादकांपैकी एकाने ती मनापासून स्वीकारावी, मोठ्या वाद्यावरील बोटांची अंतरे आणि निराळी क्लेफ (स्वरलिपीच्या सुरुवातीची, स्वरांच्या जागा ठरवणारी खूण) यांसाठी काही महिने द्यावेत, आणि तिला दुय्यम काम समजू नये. चेलोला असा पर्याय नाही. चेलोवादक मिळेपर्यंत दोन व्हायोलिन आणि व्हायोला यांच्या त्रयीवर काम करावे, पण चेलोचा भाग कीबोर्डवर उरकून क्वार्टेट म्हणून मिरवू नये. सदस्य निवडताना कोण किती अवघड वाजवतो यापेक्षा कोण दुसऱ्याचे ऐकून आपला स्वर बदलतो, हे पाहावे. एक जण दक्षिण टोकाच्या काणकोणला आणि दुसरा उत्तर टोकाच्या पेडण्याला राहत असेल, तर तालमीचे ठिकाण आणि वार आधीच ठरवून घ्यावेत. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीन तास, ही मला किमान मर्यादा वाटते. चवथीचे दिवस सोडून द्यावेत, कारण त्या दिवसांत गोव्यात तालमीला कोणी येत नाही आणि कोणी यावे अशी अपेक्षाही धरू नये.

आता तालमीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे सूर. क्वार्टेटमध्ये पियानो नसतो, म्हणून पियानोच्या समान अंतरांनी लावलेल्या स्वरांना येथे बांधून घेण्याचे कारण नाही. आपल्या घरातील तानपुरा याबाबतीत उत्तम शिक्षक आहे. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरा असतो, आणि पियानोवर दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर 100 सेंट असते. तानपुरा पाश्चात्त्य ‘जी’ (G) स्वरात लावून चेलोने जी, व्हायोलाने त्याचा पंचम डी, दुसऱ्या व्हायोलिनने त्याचा गंधार बी आणि पहिल्याने वरचा जी धरावा. गजाचा दाब सारखा ठेवून, व्हायब्रातो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) न करता, बी वाजवणाऱ्याने आपला स्वर केसभर खाली आणत जावा. एका जागी चारही वाद्यांचा नाद एकदम मोकळा होतो आणि खोली भरल्यासारखी वाटते. ती जागा बोटांनी लक्षात ठेवायची. तोच बी जेव्हा सी मेजरमधील, म्हणजे सी हा षड्ज असलेल्या, चालीत वरच्या सीकडे ओढ घेतो, तेव्हा तो चढा लावल्याशिवाय गोड लागत नाही. दरबारीचा कोमल गंधार आणि इतर रागांतला कोमल गंधार एका जागी बसत नाहीत, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाद्ये एकमेकांशी सुरात मिळवतानाही हीच दक्षता हवी. चेलोच्या खालच्या सीपासून व्हायोलिनच्या ईपर्यंत जी, डी, ए असे सगळे पंचम अगदी शुद्ध ठेवले, तर वरचा ई चेलोच्या सीच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 22 सेंट चढा निघतो. म्हणून सर्वांनी चेलोच्या ए वरून सुरुवात करून प्रत्येक पंचमाचे अंतर शुद्ध पंचमापेक्षा किंचित कमी ठेवावे. तालमीची पहिली 20 मिनिटे केवळ यासाठी राखून ठेवावीत. त्यानंतर दोन-दोन वाद्यांच्या जोड्या करून अवघड जागा वाजवाव्यात, आणि प्रत्येकाने केवळ आपला भाग न बघता चारही भाग असलेली पूर्ण स्वरलिपी समोर ठेवावी. मतभेद झाल्यास दोन्ही पद्धतींनी वाजवून रेकॉर्डिंग ऐकावे. वादात जाणारा वेळ वाचतो.

कार्यक्रम बांधताना हायडनपासून सुरुवात करावी. त्याची 68 क्वार्टेट आहेत, आणि 1781 सालच्या ओपस 33 (ओपस म्हणजे रचनांचा प्रकाशन-क्रमांक) मधील संवाद नव्या मेळालाही समजतो. मोझार्टने 1782 ते 1785 या काळात रचून हायडनला अर्पण केलेली सहा क्वार्टेट त्यानंतर घ्यावीत. बेथोव्हेनच्या शेवटच्या क्वार्टेटना मात्र घाईने हात घालू नये. मराठी रसिकांसाठी एखाद्या नाट्यपदाची क्वार्टेट-मांडणी जरूर करावी, पण हक्कांचा विचार आधी करावा. भारतीय कायद्यानुसार रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. ‘मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या चाली आता मुक्त आहेत; मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी 1998 साली गेले, म्हणून त्यांच्या चालींसाठी परवानगी घ्यावीच लागेल. रशियन रचनाकार शोस्ताकोविचच्या क्वार्टेटनाही परवानगीचा हाच हिशेब लागू होतो, तर 1945 साली निवर्तलेल्या हंगेरियन रचनाकार बार्टोकची क्वार्टेट वाजवण्यास आपल्याकडे अडचण नाही.

चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचे संगीत, लहान जागेसाठी जन्मले, आणि अशा जागा गोव्याइतक्या क्वचितच कोठे असतील. जुन्या घरांच्या साली (बैठकीची मोठी दालने), देवळांचे सभामंडप, टेकड्यांवरची चॅपेल आणि पणजीतील इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाचे सभागृह यांचा विचार कला अकादमीच्या किंवा रवींद्र भवनांच्या मोठ्या नाट्यगृहांआधी करावा. चार वाद्यांचा ध्वनिवर्धकाविना आवाज अशा लहान जागांत मागच्या रांगेपर्यंत पोचतो आणि 80 माणसांनी जागा भरते. प्रत्येक जागेचा स्वभाव मात्र वेगळा. दगडी कमानीच्या चॅपेलमध्ये नाद बराच वेळ रेंगाळतो, तेव्हा जलद भाग थोडा सावकाश घ्यावा, स्वर तोडून वाजवावेत आणि विराम पूर्ण पाळावेत. कौलारू, लाकडी छताच्या सालीत नाद लवकर विझतो, म्हणून तेथे गज लांब ओढावा. कार्यक्रमाआधी एकाने वाजवणे थांबवून मागे जाऊन ऐकल्याशिवाय पडदा उघडू नये. चर्च किंवा चॅपेल घेताना पाद्रींशी कार्यक्रमाची यादी घेऊन बोलावे. चर्चमधील मैफलीला प्रवेश विनामूल्य असावा आणि संगीत त्या जागेला साजेसे असावे, असे मार्गदर्शन व्हॅटिकनने 1987 साली दिले आहे. त्यामुळे तेथून उत्पन्न येत नाही. तेथे श्रोता मिळतो. दारात एक वही ठेवून, ज्यांना पुढच्या मैफलीची सूचना हवी आहे त्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. फोंड्यातील नाट्यसंगीताचा रसिक आणि मडगावातील पाश्चात्त्य संगीताचा रसिक एका वहीत आला, की मेळाला स्वतःचा श्रोतृवर्ग मिळाला असे समजावे.

उत्पन्नासाठी पहिली काही वर्षे लग्ने आणि हॉटेलांतील समारंभ घ्यावे लागतात, त्यात कमीपणा नाही. मात्र बिदागी ठरवताना चौघांची मिळून एकच रक्कम सांगावी, निम्मी आगाऊ घ्यावी, आणि रद्द झाल्यास काय, उघड्या हिरवळीवर ध्वनिवर्धक कोणाचा, वाजवण्याचा अवधी किती, हे लेखी घ्यावे. आलेल्या रकमेचे पाच समान भाग करून पाचवा भाग मेळाच्या खात्यात टाकावा. तारा, गजाचे केस, स्वरलिप्या आणि प्रवास यांचा खर्च त्यातून निघतो. पहिल्या व्हायोलिनला अधिक वाटा देऊ नये. याबाबतीत मी आग्रही आहे, कारण दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला यांच्या आतल्या भागांवाचून वरची चाल उभी राहत नाही, आणि वाट्यातला फरक तालमीत सुराइतकाच ऐकू येतो. भागीदारीचा करार करून त्याची नोंदणी करावी, कारण नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. एखादा सदस्य सोडून गेल्यास नाव कोणाकडे राहील आणि ठरलेले कार्यक्रम कोण वाजवील, हे त्याच कराराचा भाग असावे. बिदागीतून कापलेल्या टीडीएसचे (आगाऊ कापलेल्या आयकराचे) प्रमाणपत्र दरवर्षी न चुकता मागून घ्यावे.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावी. गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, आणि सरसाने जोडलेली वाद्याची कड सुटू लागते. बोटाच्या पेराने कडेला हलके टिचकी मारत गेले, की सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. तेवढ्यावर वाद्य कारागिराकडे न्यावे, घरगुती गोंद लावू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी वाळवाव्यात, आणि वाजवून झाल्यावर गज सैल करूनच ठेवावा.

जून ते सप्टेंबर हे चार महिने नवे संगीत बसवण्यासाठी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाजवण्यासाठी, अशी वर्षाची आखणी गोव्याला मानवते. ख्रिस्ती लग्ने ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात (लेंट) सहसा होत नाहीत, तेव्हा ते आठवडे शाळांतील मैफलींना द्यावेत. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सारख्या संस्थेकडे किंवा महोत्सवांकडे स्वतःला सादर करायचे झाल्यास दोन विरुद्ध स्वभावाच्या रचनांचे, मध्ये न तोडलेले, एकाच खोलीत एकदाच वाजवलेले रेकॉर्डिंग पाठवावे. त्यासोबत सुमारे 60 मिनिटांच्या दोन कार्यक्रमांची यादी जोडावी, आणि त्या यादीतील प्रत्येक रचना आधी गोव्यात श्रोत्यांसमोर किमान तीनदा वाजवून झालेली असावी.