कुत्र्याला गाडीतून नेताय? या चुका टाळा

“आमचा कुत्रा गाडीत ओकतो, काय करू?” हे मला इतक्यांदा विचारलं जातं की मी आता उलट विचारतो, याआधी तो गाडीत किती वेळा बसलाय? उत्तर ठरलेलं. एकदा, इंजेक्शनसाठी. आणि दुसऱ्या खेपेला थेट सहा तासांचा प्रवास. मग ओकणार नाही तर काय करणार!

सवय लावायला वेळ द्यावा लागतो. आधी बंद गाडीत नुसतं बसवायचं, खाऊ द्यायचा, उतरवायचं. मग इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. मग पाच-दहा मिनिटांची फेरी. ती दर वेळी दवाखान्यात संपली, तर गाडी म्हणजे सुई हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी रचना पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे ती जास्त ओकतात. बरीचशी मोठी होता होता सुधारतात. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, पाणी चालेल. सारख्या जांभया, ओठांवरून फिरणारी जीभ, गळणारी लाळ दिसली की गाडी बाजूला घ्या. सीट धुण्यापेक्षा ते सोपं. परवा निघायचंय आणि आज सवय लावायचीय, असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

आता माझी स्वतःची चूक. आमचा बंड्या, 28 किलोचा लॅब्राडोर, अंगाने मोठा आणि स्वभावाने गरीब. एकदा मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबलो. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काढायला मी दार उघडलं, जेमतेम वीतभर. माझ्या हाताखालून तो कधी सटकला ते कळलंच नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि शेपूट हलवत माझ्याकडे बघायला लागला. समोरून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. चालक मला जे काही बोलला, ते सगळं मला लागू होतं. ‘आमचा तसा पळत नाही’ हे वाक्य त्या दिवशी सकाळीच मीही कुणाला तरी ऐकवलं होतं.

तेव्हापासून सवय एकच. गाडी थांबली की इंजिन बंद, आतूनच मागे वळून पट्टा लावायचा, मनगटाला एक वेढा घ्यायचा, आणि मगच दार. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं. काचांची बटणंही लॉक, कारण पंजा बटणावर पडून काच वर जाते आणि मान अडकते. गळपट्ट्यावर फोन नंबर. पाहुणे हसतात, हसू देत.

मोकळा सोडलेला कुत्रा ही दुसरी तऱ्हा. ताशी 50 किमी वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर आतला मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जातो. सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडावं तसा तो मार. छातीला बसणारा हार्नेस घ्या आणि तो सीटबेल्टला अडकवा. बेल्ट गळपट्ट्याला अडकवू नका. धक्का बसला की सगळा भार मानेवर येतो. पिंजरा वापरत असाल तर आत त्याला उभं राहून वळता आलं पाहिजे, आणि पिंजराही बांधलेला हवा. मांडीवर नको, पुढच्या सीटवर तर नकोच, तिथे एअरबॅग असते.

बंद गाडीत ठेवून ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्यांवर माझा राग कायमचा आहे. ती पाच मिनिटं कधीच पाच नसतात. बाहेर 24 अंश असले, तरी उन्हात उभ्या गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशी ओलांडतो, आणि काच बोटभर खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. आतली हवाच तापली की तीही फुकट. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांचं तर आणखी अवघड. जोरजोरात धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग लगेच डॉक्टर गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

बाकीचं थोडक्यात. खिडकीबाहेर डोकं नको, डोळ्यात कचरा जातो. दर दोन तासांनी थांबा. ओकला म्हणून ओरडू नका. च्युइंगम आणि चॉकलेट त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असलेलं च्युइंगम तर विषच.

आणि गोळ्या. मळमळ थांबवणारं कुत्र्यांचं औषध मिळतं, पण ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं. आपल्या कपाटातली गोळी अर्धी करून देणारे, किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला चालली म्हणून झोपेची गोळी देणारे भेटतात. गुंगीतल्या कुत्र्याला वळणावर तोल सांभाळता येत नाही, आणि काही दुखलंखुपलं तरी ते तुम्हाला कळत नाही. बंड्याला मी आजवर एकदाही गुंगी दिलेली नाही. अजून तो पहिल्या अर्ध्या तासात कुरकुरतो, मग माझं जुनं पांघरूण ओढून घेऊन झोपतो.