गेरमध्ये डोळे आणि कान कसे सांभाळावेत

रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यासमोर आली की टँकरमधून उडवलेलं पाणी आणि मशीनने फेकलेला गुलाल वरच्या मजल्यांच्या गच्च्यांपर्यंत पोचतो. तिथे उभं राहिल्यावर डोळ्यात रंग आणि कानात पाणी जाणारच. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. खरं नुकसान होतं ते नंतर डोळा चोळल्याने आणि कानात काडी घातल्याने. डोळा आणि कान दोघांनाही आत आलेलं बाहेर काढण्याची सोय आहे, आपण फक्त तिला मदत करायची.

घरून निघण्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. मऊ लेन्स रंग शोषून घेते आणि तो थेट कॉर्नियाला लागून राहतो. टँकरच्या पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले तर होणारा संसर्ग बरा व्हायला कित्येक महिने लागू शकतात. चष्मा किंवा प्लॅस्टिकचा बंद गॉगल लावा. खोबरेल चेहऱ्याला लावायला हरकत नाही, पण पापणीच्या कडेपासून दूर ठेवा, नाहीतर ते अश्रूंत मिसळतं आणि अंधुक दिसतं.

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, आणि वेदना कळवणारे मज्जातंतू त्यात इतके दाट असतात की बारीकसा कणही बोचतो. चमकीच्या रंगात अभ्रकाची पूड असते. डोळा चोळला की हे धारदार कण कॉर्नियावर ओरखडे काढतात. म्हणून हात मागे घ्या आणि पापण्यांची भरभर उघडझाप करा. पाणी भरपूर येतं, तेच पहिलं औषध.

मग धुणं. रंग गेलेला डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करा, दोन बोटांनी पापण्या फाकवा आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाच्या दिशेने स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडा. उलट दिशेने सोडली तर रंग दुसऱ्या डोळ्यात जातो. धुताना वर, खाली, दोन्ही बाजूंना बघत राहा. जळजळ होत असेल तर किमान 15 मिनिटं धुवा. लोक दोन ओंजळी मारून थांबतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. लेन्स राहूनच गेली असेल तर धुताना ती काढून टाका, पण ती काढण्यासाठी धुणं लांबवू नका.

धुऊनही प्रत्येक उघडझापीला एकाच जागी टोचत असेल, तर कण बहुधा वरच्या पापणीच्या आत, कडेपासून दोनेक मिलिमीटरवर असलेल्या बारीक खाचेत बसलेला असतो. वरची पापणी केसांना धरून पुढे ओढा आणि खालच्या पापणीवरून खाली घ्या, खालचे केस आतली बाजू झाडून काढतात. तरी निघाला नाही तर डॉक्टरांनाच काढू द्या. तो डोळ्यामागे मेंदूकडे जाईल ही भीती मात्र नको. पापणीच्या आतलं पातळ आवरण मागे वळून बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, त्यापलीकडे वाटच नाही.

चुना गेला असेल तर गोष्ट वेगळी. चुन्यातली अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत शिरत जाते. दिसणारे कण काढा, लगेच धुवायला लागा, अर्धा तास धुवा आणि तसेच इंदूरच्या एमवाय रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्ररुग्णालयात न्या. पाण्याचा फुगा जोरात लागला तर मात्र डोळा दाबू नका. बुबुळासमोर रक्त साठलेलं दिसलं, विजेसारखे लखलखाट झाले किंवा नजरेत पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी तपासणी हवी. घरातले जुने थेंब, गुलाबपाणी, तूप यांतलं काहीही घालू नका. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर ओरखडलेल्या कॉर्नियात बुरशीचा संसर्ग बळावतो.

कानाची बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि वळणाची असते. मळ फक्त तिच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत त्याला वाहून आणते. बड्स हाच मळ आत ढकलतात, मग पाण्याने तो फुगतो आणि कान बंद होतो. गेरआधी कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये घोळवून कानाच्या तोंडाशी बसवा, आत खुपसू नका. पाणी गेलंच तर डोकं कलवून तो कान जमिनीकडे करा आणि बाहेरचा कान वर व मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. तीन वर्षांखालच्या मुलांचा कान खाली व मागे ओढायचा. पडद्याला भोक असेल तर गेरपासून लांबच राहा. पाणी गेल्यावर जोराची चक्कर आणि दुखणं असेल तर पडदा फाटल्याची शंका घ्या, तेल घालू नका.

डीजेच्या आवाजाचं गणित सोपं आहे. 85 डेसिबलला 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आतल्या शंखाकृती नळीत आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. फोमचा प्लग बारीक वळा, कान वर ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20–30 सेकंद बोटाने धरा. अर्धवट बसवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो. लहान मूल खांद्यावर असेल तर स्पीकरपासून दूरची बाजू धरा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर रात्रभर शांतता द्या. सकाळीही ती थांबली नाही, किंवा एका कानाने ऐकूच कमी येऊ लागलं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जा, कारण अचानक आलेल्या बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतात.