वस्तीतला पैसा वस्तीत कसा राखावा: क्लीव्हलँडच्या अनुभवातून एक मार्गदर्शन

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराची लोकसंख्या १९५० साली ९ लाख १४ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ३ लाख ७२ हजारांवर आलेली दिसते. पोलादाचे आणि यंत्रांचे कारखाने बंद पडले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली आणि १५ डिसेंबर १९७८ रोजी शहराला बँकांची देणीही फेडता आली नाहीत. तरीही त्याच शहराच्या पूर्व भागात क्लीव्हलँड क्लिनिक, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ या संस्था वाढत राहिल्या. त्यांची मिळून वर्षाची खरेदी सुमारे ३ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले जाई. पण त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या हफ, ग्लेनव्हिल आणि फेअरफॅक्स या कृष्णवर्णीय वस्त्यांत त्यातले फारसे काही पोहोचत नसे. अशा शहरात स्थानिकांच्या मालकीचा उद्योग उभारायचा झाल्यास कामाचा क्रम कोणता असावा, हे येथे सांगायचे आहे. ओहायो आणि मिशिगनमधील रुग्णालयांत व विद्यापीठांत काम करणाऱ्या मराठी वाचकांना त्याचा विशेष उपयोग व्हावा, कारण ज्या दारावर वस्तीतील माणसाला बाहेरून थाप मारावी लागते, त्या दाराच्या आत ते आधीच आहेत.

आरंभ नकाशापासून करावा. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अमेरिकेतील शहरांच्या वस्त्यांना कर्जाच्या जोखमीनुसार हिरवा, निळा, पिवळा आणि लाल असे रंग दिले, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ हमखास लाल रंगात गेली. या मोजमापाच्या मागचा विचार घरकर्जाच्या सरकारी हमीतही उतरला, त्यामुळे तेथील घरांना रास्त व्याजाचे कर्ज मिळेनासे झाले. घर नाही म्हणून तारण नाही आणि तारण नाही म्हणून दुकानासाठी भांडवल नाही, अशी ती साखळी होती. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील वर्णभेदाला बंदी घातली, पण तोपर्यंत एका पिढीची मिळकत उभी राहायची राहून गेली होती. हे जुने नकाशे आज इंटरनेटवर पाहता येतात. आपल्या शहराचा नकाशा काढून त्याच्या शेजारी आजच्या रिकाम्या भूखंडांचा आणि थकीत मालमत्ताकराचा नकाशा ठेवावा. काउंटीच्या दप्तरात ही माहिती सर्वांना खुली असते. हे काम कोणी अभ्यासकाचा छंद समजून टाळू नये. दारिद्र्याचे कारण कौशल्याचा अभाव हेच मानले की उपाय म्हणून प्रशिक्षणवर्ग निघतात, वर्गातून प्रमाणपत्रे निघतात, आणि प्रमाणपत्र हातात घेतलेल्या माणसाला काम मात्र मिळत नाही.

त्यानंतर वस्तीत जावे: चर्चमधील जुनी मंडळी, वॉर्डाचे नगरसेवक, घरबांधणीचे काम करणाऱ्या स्थानिक संस्था यांना भेटावे आणि पहिल्या काही भेटींत योजना मांडू नये. १९६६ च्या जुलैमध्ये हफमध्ये दंगल झाली, त्याच्या आधी आणि नंतर या लोकांनी कितीतरी योजना येताना आणि जाताना पाहिल्या आहेत. आपल्या मंडळींना येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. ‘आम्हीही दोन बॅगा घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो’ हे वाक्य तेथे उच्चारू नये. ज्या १९६५ च्या कायद्याने आपल्याला अमेरिकेचे दार उघडले, तो नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या तव्यावरच भाजला गेला; आणि लाल रेघ आपल्या वाडवडिलांच्या घराभोवती कधी ओढली गेली नव्हती.

आता मुख्य काम, म्हणजे गिऱ्हाईक. बहुतेक योजना येथे उलट्या बाजूने निघतात: आधी संस्थेची नोंदणी होते, मग अनुदान मिळते, मग यंत्रे येतात आणि शेवटी माल कोण घेणार याचा शोध सुरू होतो. क्लीव्हलँडमध्ये १९१४ पासून काम करणाऱ्या क्लीव्हलँड फाउंडेशनने आणि वर सांगितलेल्या संस्थांनी २००८ साली एव्हरग्रीन कोऑपरेटिव्ह्ज हा उपक्रम आखताना विचार खरेदीपासून सुरू केला. रुग्णालय गाव सोडून जात नाही, त्याला रोज धुतलेल्या चादरी लागतात, वीज लागते, भाजी लागते. मग त्यासाठी लागणारे उद्योग शेजारच्या वस्तीतील कामगारांच्या मालकीचे का नसावेत, असा तो विचार होता. २००९ साली ग्लेनव्हिलमध्ये सहकारी धुलाईखाना सुरू झाला. सौरऊर्जेची कंपनी आणि मातीविना पालेभाजी पिकवणारे मोठे हरितगृहही पाठोपाठ उभे राहिले.

विचार बरोबर असूनही मोठ्या रुग्णालयांचे मोठे काम लगेच हाती आले नाही, आणि नव्या माणसाने शिकण्यासारखे सर्वांत जास्त याच टप्प्यात आहे. संस्थेच्या अध्यक्षाने समारंभात हस्तांदोलन करणे वेगळे आणि खरेदी विभागाने करारावर सही करणे वेगळे. रुग्णालयाचे धुलाईचे काम अनेक वर्षांच्या कराराने बांधलेले असते, बरीच खरेदी अनेक रुग्णालये मिळून करतात, आणि खरेदी अधिकाऱ्याची कामगिरी पैसे किती वाचवले यावरून मोजली जाते, शेजारधर्मावरून नव्हे. म्हणून त्या अधिकाऱ्याला पुढील प्रश्न लेखी विचारावेत: चालू करार कोणत्या महिन्यात संपतो, निविदा किती आधी निघते, दर पौंडामागे धरला जातो की नगामागे, विमा आणि निर्जंतुकीकरणाच्या कोणत्या अटी आहेत, आणि पूर्ण कामाऐवजी एका इमारतीचे काम आधी देता येईल का. आपण त्या संस्थेत नोकरीला असाल, तर ही माहिती कोणत्या टेबलावर मिळते हे दाखवून देणे हीच आपली सर्वांत मोठी मदत ठरेल. देणगीचा धनादेश त्यापुढे किरकोळ आहे. एव्हरग्रीनच्या धुलाईखान्याला क्लीव्हलँड क्लिनिकच्या कपड्यांचे काम २०१८ साली मिळाले. म्हणजे सुरुवातीपासून सुमारे नऊ वर्षे गेली, आणि तेवढा काळ तग धरण्याची तरतूद आराखड्यात नसेल तर उद्योग सुरूच करू नये.

नोकरभरतीचा नियम जपून लिहावा. वर्णाच्या आधारे नोकरीत भेद करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे, आणि व्हर्जिनियातील रिचमंड शहराने अल्पसंख्याकांच्या व्यवसायांसाठी राखलेला ३० टक्क्यांचा वाटा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द ठरवला. त्यामुळे ‘कृष्णवर्णीयांनाच काम’ असा नियम न करता ठरावीक वस्त्यांतील रहिवाशांना प्राधान्य द्यावे. नकाशाचे काम नीट झाले असेल तर पत्ताच पुष्कळसे काम करतो. तुरुंगातून सुटून आलेल्यांना दार बंद ठेवू नये. एव्हरग्रीनने ते ठेवले नाही, आणि कृष्णवर्णीय तरुणांवरील अटकांचे प्रमाण लक्षात घेतले, तर पूर्वीची शिक्षा हा अडसर ठेवून बाकी सगळी समतेची भाषा व्यर्थ ठरते.

सभासदत्वाची रीत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. कामगार काही महिन्यांच्या उमेदवारीनंतर सभासद होतो आणि त्याच्या शेअर्सची रक्कम पगारातून थोडी थोडी कापली जाते, जशी आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाची उसाच्या बिलातून होते. वर्षअखेरच्या नफ्यातील वाटा त्याच्या नावावर भांडवल म्हणून जमा होतो. आपल्या सहकाराने शिकवलेला कडू धडाही विसरू नये: सभासद हजारोंनी असतात आणि सभेचा ठराव मात्र एका वाड्यावर आधीच लिहिलेला असतो. म्हणून संचालक मंडळात मजुरीवर काम करणाऱ्यांच्या किती जागा, हिशेब कोणत्या दिवशी फलकावर लागणार आणि तो वाचायला कोण शिकवणार, हे उपविधीतच लिहून ठेवावे. चांगला दर आला म्हणून उद्योग एखाद्या बड्या कंपनीला विकता येऊ नये, यासाठी विक्रीला या सर्व सहकारी उद्योगांच्या वर असलेल्या मातृसंस्थेची संमती बंधनकारक करावी. भांडवलासाठी एकाच दात्यावर विसंबू नये. फाउंडेशनची रक्कम, शहराच्या हमीचे कर्ज आणि मागास भागातील गुंतवणुकीवरील करसवलत यांची सांगड घालावी लागते, आणि त्यासाठी चांगला वकील सुरुवातीपासून नेमावा.

उद्योग चालू लागला की जमीन महाग होते, भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले तेच बाहेर फेकले जातात. यावर उपाय म्हणजे सामुदायिक भूमी न्यास: जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे, मध्ये साधारणतः ९९ वर्षांचा भाडेपट्टा, आणि घर विकताना किमतीवर मर्यादा. या कल्पनेच्या मुळाशी एक मराठी धागा आहे. १९६९ साली जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी न्यू कम्युनिटीज हा अशा प्रकारचा पहिला न्यास स्थापन करणाऱ्यांनी ज्या प्रयोगांचा अभ्यास केला, त्यांत कोकणातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचे ग्रामदानही होते. न्यू कम्युनिटीजची सुमारे ५,७०० एकर जमीन पुढे दुष्काळात वेळेवर सरकारी कर्ज न मिळाल्याने १९८५ मध्ये हातची गेली, आणि वर्णभेदाच्या दाव्यात १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई २००९ मध्ये मिळाली. जमीन न्यासाची असली तरी तिच्यावरचे कर्ज कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे कागद करतानाच सोडवावा. रिकामे भूखंड मिळवण्यासाठी काउंटीच्या लँड बँकेकडे, म्हणजे ओस पडलेल्या मालमत्ता ताब्यात घेऊन त्या पुन्हा वापरात आणणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करावा. क्लीव्हलँडच्या कायाहोगा काउंटीत अशी संस्था २००९ पासून आहे, आणि उद्योगाला नफा दिसू लागण्याआधी, भाव पडलेले असतानाच, हा अर्ज करणे शहाणपणाचे.

नवा कारखाना उभारण्याची ताकद नसल्यास चालता व्यवसाय घ्यावा. निवृत्तीला आलेले अनेक छोटे मालक वारस नसल्याने दुकान बंद करतात किंवा बाहेरच्याला विकतात; असे व्यवसाय विकत घेऊन ते कामगारांच्या मालकीचे करण्यासाठी एव्हरग्रीनने पुढे वेगळा निधी काढला. येथे गिऱ्हाईक, यंत्रे आणि हातांना सवय हे तिन्ही आधीच असतात. वस्तीतील ज्या व्यवसायांचे मालक साठीच्या पुढे आहेत त्यांची यादी करावी, प्रत्येकाकडे तीन वर्षांची विवरणपत्रे मागावीत, आणि विक्रीनंतर जुना मालक किमान वर्षभर पगारावर थांबेल ही अट सौद्यात घालावी.