जॉन सर्ल यांच्यावर व्याख्यान कसे तयार करावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या वाचनालयात मनाच्या तत्त्वज्ञानावर बोलायचे झाल्यास अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांची निवड करावी, कारण शब्द हाताळणे आणि शब्द समजणे यांतला फरक, जो त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी आहे, तो सीमाभागातील श्रोत्याने रोज अनुभवलेला असतो.

चरित्र थोडक्यात सांगावे. १९३२ साली डेन्व्हरमध्ये जन्म, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डमध्ये शिक्षण, १९५९ पासून बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन आणि १९६९ मध्ये भाषिक कृतींवरील, म्हणजे वचन देणे, आज्ञा करणे अशा बोलण्यातूनच घडणाऱ्या कृतींवरील, गाजलेला ग्रंथ, एवढे पुरे. लैंगिक छळविरोधी धोरणाचा भंग झाल्याच्या निष्कर्षावरून विद्यापीठाने २०१९ मध्ये त्यांचे निवृत्तीनंतरचे मानद प्राध्यापकपद काढून घेतले, हेही सांगावे. ते गाळणे श्रोत्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

खरा वेळ द्यावा तो १९८० मधील ‘चिनी खोली’ या विचारप्रयोगाला. चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस एका बंद खोलीत बसला आहे. बाहेरून चिनी चिन्हांचे कागद येतात आणि तो नियमांच्या पुस्तकात पाहून योग्य ती चिन्हे परत पाठवतो. बाहेरच्यांना वाटते, आत चिनी जाणणारा कोणी आहे. संगणकही असाच केवळ चिन्हांच्या आकारावर काम करतो, म्हणून अचूक उत्तर आले तरी त्याला अर्थ कळला असे म्हणता येत नाही, असा सर्ल यांचा युक्तिवाद आहे.

येथे चिनीच्या जागी कन्नड घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याकडे कन्नड अक्षरे ओळखून बसची पाटी वाचणारा, बाजारात दोन वाक्ये बोलणारा, पण शेताच्या उताऱ्यावरील मजकुरापाशी अडणारा माणूस घरोघरी आहे, त्यामुळे कन्नडची खोली पुरेशी अंधारी होत नाही. तरी हा अनुभव वाया घालवू नये. सर्ल यांनीही समजण्याच्या पायऱ्या मान्य केल्या होत्या. इंग्रजी पूर्ण, फ्रेंच त्याहून कमी, जर्मन आणखी कमी आणि चिनी मुळीच नाही, असे त्यांनी स्वतःविषयी लिहिले. श्रोत्यांना मराठी, कोंकणी, कन्नड आणि चिनी अशी आपापली उतरंड मांडायला सांगावे, म्हणजे तळाच्या पायरीवरील पूर्ण शून्य त्यांना स्वतःहून जाणवते.

मग आक्षेप घ्यावा: माणसाला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून होणाऱ्या व्यवस्थेला कळत असेल. सर्ल यांचे उत्तर असे की, त्या माणसाने सारे पुस्तक पाठ करून खोलीबाहेर येऊन काम केले तरी त्याला चिनी कळणार नाही. हे उत्तर अनेक तत्त्वज्ञांना पटलेले नाही. मेंदूच्या ज्या कारक शक्तींतून, म्हणजे परिणाम घडवण्याच्या क्षमतांतून, अर्थबोध उपजतो असे सर्ल म्हणत, त्या नेमक्या कोणत्या, हे त्यांनी उलगडून दाखवलेले नाही. प्रश्नोत्तरांत कोणी हे विचारल्यास त्यांच्या वतीने उत्तर रचू नये.