योग शिकवायचाय, तोही रीतसर? मग आधी हे वाचा

रोज नेमाने आसन-प्राणायाम करणाऱ्या माणसाला कधीतरी वाटतंच की आता हे दुसऱ्यांनाही शिकवावं, आणि मग मला विचारणा सुरू होते, ताई कुठला कोर्स करू, ऑनलाइन सर्टिफिकेट चालतं का, सरकारी मान्यता नक्की कुणाची, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे थेरपिस्ट म्हणून बोर्ड लावला तर चालेल का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला करायचंय काय. कारण ही तीन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात. एक म्हणजे योगशिक्षक, म्हणजे साधारण धडधाकट माणसांना नीट आणि सुरक्षित सराव शिकवणारा. दुसरा योग थेरपिस्ट, म्हणजे ज्याला काही आजार आहे अशा माणसाबरोबर, डॉक्टरांच्या उपचाराला जोड म्हणून काम करणारा. आणि तिसरा योग व निसर्गोपचाराचा डॉक्टर, त्यासाठी बीएनवायएस ही पदवी आहे, साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि बारावी सायन्सला बायोलॉजी असावं लागतं. या तिघांच्या शिक्षणात आणि जबाबदारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. महिन्याभराचा कोर्स करून आलेला माणूस जेव्हा "डायबेटिस मुळापासून बरा करतो" अशी पोस्ट टाकतो ना, तेव्हा तो पहिल्या पायरीवर उभा राहून तिसऱ्या पायरीचं बोलत असतो, आणि त्याचं नुकसान त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गोळ्या बंद करणाऱ्याला भोगावं लागतं. मला याची खरंच फार चीड आहे.

आता मान्यतेचं. आपल्याकडे आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, लोक त्याला नुसतं वायसीबी म्हणतात. २०१५ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियामार्फत योग प्रोफेशनल्सच्या सर्टिफिकेशनची योजना सुरू झाली आणि २०१८ मध्ये हे वेगळं बोर्ड झालं, दिल्लीच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेच्या छत्राखाली. यात पायऱ्या आहेत. शिक्षक म्हणून योगा प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही पहिली, म्हणजे योगदिनाला सगळीकडे जो कॉमन योगा प्रोटोकॉल घेतात तो आणि त्या पातळीचा सराव सोसायटीत, बागेत, कॉलनीत शिकवणारा. मग योगा वेलनेस इन्स्ट्रक्टर, जो शाळा, ऑफिस, स्टुडिओ अशा ठिकाणी शिकवू शकतो. त्यानंतर योगा टीचर अँड इव्हॅल्युएटर, जो पुढच्यांना शिकवतो आणि त्यांची परीक्षाही घेऊ शकतो. तासांचा हिशोब धरला तर पहिली पायरी २०० तासांची, दुसरी ४०० आणि तिसरी ८००. थेरपीची शिडी वेगळीच आहे, असिस्टंट योगा थेरपिस्टपासून सुरू होणारी. म्हणजे शिक्षकाच्या शिडीवर कितीही वर गेलात तरी तेवढ्याने तुम्ही थेरपिस्ट होत नाही, हे अधोरेखित करून ठेवा.

एक चांगली गोष्ट अशी की या परीक्षेत तुम्ही कुठल्या गुरूंकडे किंवा कुठल्या परंपरेत शिकलात याला महत्त्व नाही, तुम्हाला येतं का याला आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. आणि प्रात्यक्षिकात नुसतं आसन करून दाखवून भागत नाही, शिकवूनही दाखवावं लागतं, इथेच बरेच जण अडकतात. स्वतःचं पश्चिमोत्तानासन सुंदर असतं, कपाळ गुडघ्याला टेकतं, पण ज्याचे हात नडगीपर्यंतही पोचत नाहीत त्याला काय सांगायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही. तयारी करताना घरातल्या सगळ्यात कडक अंगाच्या माणसाला समोर बसवा, आणि स्वतः आसन न करता, नुसतं बोलून त्याच्याकडून करवून घ्या. यासारखी दुसरी तयारी नाही. पात्रतेचे आणि फीचे नियम बदलत असतात, ते एजंटकडून ऐकू नका, बोर्डाच्या वेबसाइटवर जाऊनच बघा.

दुसरा रस्ता विद्यापीठाचा. डिप्लोमा, बीए, बीएस्सी, एमए, एमएस्सी असं सगळं योगात करता येतं. महाराष्ट्रातच बघायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, रामटेकचं कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम तर आहेच. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर हाच रस्ता धरा, कारण २०१७ पासून यूजीसी नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, योग हा स्वतंत्र विषय आहे. कुठल्याही संस्थेत पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, विद्यापीठाला आणि त्या ठराविक कोर्सला मान्यता आहे का (दोन्ही वेगळं असतं, विद्यापीठ मान्यताप्राप्त आणि कोर्स भलताच असंही होतं), आणि प्रत्यक्ष माणसांसमोर शिकवायचा सराव किती तास मिळणार. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गुळमुळीत बोलायला लागला तर तिथून निघा.

परदेशात शिकवायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. योगा अलायन्स ही अमेरिकेतली संस्था, १९९९ ची, तिचं आरवायटी २०० (म्हणजे २०० तासांचा कोर्स केलेला नोंदणीकृत योगशिक्षक) हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ती नोंदणी करणारी संस्था आहे, सरकारी परवाना देणारी नाही, आणि ती स्वतः तुमची परीक्षाही घेत नाही, तिच्याकडे नोंदणी असलेल्या शाळेतून तुम्ही कोर्स केलाय एवढंच त्यातून कळतं. तिथल्या स्टुडिओत नोकरीसाठी उपयोग होतो, नाही असं नाही, पण इथे कुणी ते सरकारमान्य म्हणून विकत असेल तर फसू नका.

आता मला ज्याच्यावर खरं बोलायचंय ते. सर्टिफिकेटने दार उघडतं पण डॉक्टर आपला पेशंट तुमच्याकडे विश्वासाने पाठवतो ते तुमच्या कामाच्या पद्धतीमुळे. आणि योग म्हणजे समग्र आरोग्य असं जे आपण येता-जाता म्हणतो, ते दिसायला हवं पहिल्या भेटीत, माणसाला चटईवर घेण्याच्या आधी.

तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश, म्हणजे एकात एक असलेले थर, सांगितलेत, अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. बऱ्याच कोर्समध्ये हे पाठ करून घेतात आणि परीक्षेनंतर विसरायला होतं, पण माझ्या मते पहिल्या भेटीत काय विचारायचं याची ही तयार यादी आहे. शरीराचं विचारा, दुखणं कुठे, ऑपरेशन काय झालं, गोळ्या कुठल्या चालू आहेत (नावं सांगता येत नसतील तर पाकिटाचा फोटो मागा), जेवणाच्या वेळा, पोट साफ होतं का. मग श्वासाचं, जिना चढताना दम लागतो का, घोरतात का, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का. मग मनाचं, घरी कोण कोण आहे, कामाचा ताण कसला, चिडचिड होते का. मग समजुतीचं, म्हणजे स्वतःच्या आजाराबद्दल त्यांना काय वाटतं, बरं होईन असं वाटतं का. आणि शेवटी आनंदाचं, कशात रमता. हा प्रश्न विचारल्यावर कितीतरी माणसं गप्प होतात.

माझ्याकडे एक काकू गुडघेदुखी घेऊन आल्या होत्या. गुडघ्याबद्दल पाच मिनिटं बोलल्या असतील, मग झोपेचं विचारलं तर कळलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी रात्रीतून अनेकदा उठावं लागतं, स्वतःला सलग झोप अशी मिळतच नाही. अशा माणसाला पहिल्याच दिवशी उत्कटासन आणि वीरभद्रासन देऊन मांड्या मजबूत करायला सांगणं पुस्तकात बरोबर असेल, पण ते टिकणार नाही. आम्ही सुरुवात केली खुर्चीत बसून पाय सरळ करण्याच्या साध्या हालचालींनी, दुपारी सासूबाई झोपल्या की पाय उशीवर ठेवून केलेल्या शवासनाने, आणि संथ श्वासाने. मांड्यांचं काम त्यानंतर. आणि रात्री आळीपाळीने उठायचं का याबद्दल काकांशी बोला, हेही सांगितलं, कारण तेही त्या गुडघ्याच्या दुखण्याचाच भाग होतं.

संथ श्वासाचं कारणही माहीत असू द्या, डॉक्टर विचारतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणला, उच्छ्वास लांबवला, की रक्तदाब सांभाळणाऱ्या शरीराच्या यंत्रणेचा प्रतिसाद सुधारतो आणि व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूतून हृदयाकडे जाणारी, शरीर शांत करणारी नस) हृदयाची गती थोडी उतरते. एवढं साधं सांगता आलं पाहिजे. "नाड्या शुद्ध होतात" हे आपल्यात ठीक आहे, डॉक्टरांसमोर त्यांच्या भाषेत बोला. ही सवय आपल्या मातीतच आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं, नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटातला दाब किती उतरतो हे यंत्र लावून मोजलं. शंभर वर्षांपूर्वी! त्यांचेच गुरुबंधू श्री योगेंद्र यांनी त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, मुंबईत द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली होती. या मंडळींनी मोजमाप आणि सामान्य संसारी माणूस या दोन गोष्टी योगात आणल्या म्हणून आज आपण प्रोफेशन वगैरे शब्द बोलू शकतो.

आणि दावे तेवढेच करा जेवढ्याला आधार आहे. जुनाट कंबरदुखीसाठी योगाचा पर्याय अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, गोळ्यांच्या आधी करून बघण्याच्या उपायांमध्ये. हे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगा. कॅन्सर बरा होतो हे कुणालाही सांगू नका. उपचार चालू असताना थकवा, झोप, चिंता यासाठी मदत होते असं म्हणा, ते खरं आहे आणि तेवढंही खूप मोठं आहे.

काय टाळायचं ते तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. बीपी जास्त असेल तर सर्वांगासन, शीर्षासन नाही, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं नाही, जोरजोरात कपालभाती नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काहीच नाही, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्यांना खोल पुढे वाकणं आणि जोरात पीळ देणं नाही, मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो. हर्निया, गरोदरपण, फिट्स येणं, यात कपालभाती बंद. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी दमवणारा सराव केला तर साखर एकदम उतरते, त्यामुळे जवळ काहीतरी गोड ठेवायला सांगा. शवासनातून सगळ्यांना कुशीवर वळवून, थोडं थांबवून मगच उठवा, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठलं की चक्कर येते.

शिकवताना नजर कुठे ठेवायची हेही सांगते. नवीन शिक्षक भुजंगासनात बघतो छाती किती उचलली. तुम्ही जबडा बघा. दात आवळलेत, कपाळावर आठी आहे, गळ्याच्या शिरा ताठल्यात, म्हणजे श्वास अडकलाय आणि माणूस ताकदीने रेटतोय. त्याला छाती अर्धी खाली आणायला सांगा, कोपर वाकवू द्या, श्वास सुरू झाला की चेहरा आपोआप सैल होतो. पतंजलींनी आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' एवढीच केलीय, त्यातलं सुख चेहऱ्यावर दिसतं. आणि कुणाला हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारा, प्रत्येक वेळी, ओळखीचं माणूस असलं तरी. नाही म्हणाले तर शब्दांनी सांगा.

प्रत्येकाची वही ठेवा. पहिल्या दिवशी काय होतं, काय शिकवलं, काय झेपलं नाही, बीपी-शुगरचे रिपोर्ट बदलले का. थेरपीचं काम करत असाल तर डॉक्टरांसाठी दर काही आठवड्यांनी एका पानाची नोट लिहा, साध्या भाषेत, तारखांसह. असं एक पान हातात पडलं की डॉक्टरांचं तुमच्याकडे बघणं बदलतं, हे मी बघितलंय. आणि पेशंट कधीतरी विचारणारच, "मॅडम, आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का?" उत्तर ठरलेलं, हा निर्णय डॉक्टरांचा, तुम्ही घरी मोजलेल्या बीपीचे आकडे लिहून न्या आणि त्यांना दाखवा. कमी करायची तर तेच करतील.

सर्टिफिकेट हातात आल्यावर लगेच स्वतःची बॅच काढायची घाई करू नका. एखाद्या अनुभवी शिक्षकाकडे काही महिने मदतनीस म्हणून थांबा, मागच्या रांगेत उभं राहून नुसती माणसं बघा, वयस्कर, जाड, घाबरलेली, घाईतली. मग पहिली बॅच लहान ठेवा, सगळ्यांचे जबडे एका नजरेत दिसतील एवढीच.